हिरवं

पहाटे तीन वाजून दहा.
निमिषनं गुडघे पोटाशी घेतले आणि किंचाळला.
मी म्हटलं, वायू धरलाय.
हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला,
पाय सायकलसारखे फिरवले, पालथा मांडीवर घेतला.
थांबलं.

तीन वाजून तीस.
तीन पन्नास.
चार अकरा.
नंतर नंतर मी घड्याळच बघत बसले,
खाली डंडी अजून काळं होतं, समुद्रपक्षी तेवढे जागे.
मकरंद समुद्रात, पवनचक्क्यांच्या कामावर,
शुक्रवारपर्यंत फोन लागला तर लागला.

दोन कळांच्या मध्ये तो गप्प.
खेळत नव्हता, रडतही नव्हता,
आठ महिन्यांचं पोर
दमलेल्या म्हाताऱ्यासारखं खांद्यावर मान टाकून,
ओठ फिकट, डोळे माझ्याकडे पण माझ्यावर नाहीत.
ती शांतता मला बरी वाटली.
हे मी कुणाला सांगितलं नाही, इथे लिहून ठेवते.
मी त्या वीस मिनिटांत चहासुद्धा केला.

सकाळी दूध उलटलं. चालायचंच.
मग काहीच पोटात नसताना उलटी झाली,
ती हिरवी.

हिरव्याबद्दल कुणी कधी वाईट बोललेलं मी ऐकलं नव्हतं.
डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवली होती,
हातभर हिरव्या बांगड्या, इथल्या थंडीत किणकिणणाऱ्या.
ओटीचा खण हिरवा.
आणि आता दुपट्यावर हा हिरवा,
मेथीच्या पाण्यासारखा,
आणि फोनवरची बाई, जी इतका वेळ
सावकाश एकेक प्रश्न विचारत होती,
एकदम थांबली. म्हणाली, निघा. आत्ता.

शेजारच्या मोइराबाईंनी गाडी काढली,
नाइटगाऊनवर कोट घालून.
हिलटाउनच्या उतारावर त्या एकही शब्द बोलल्या नाहीत,
फक्त लाल दिव्याला एकदा शिवी दिली.

डॉक्टर केर्स्टी माझ्याहून लहान असावी.
तिनं हात आधी चोळून ऊन केले, मग पोट चाचपलं.
उजवीकडे, बरगडीखाली, बोटं थबकली.
माझा हात धरून तिथे ठेवला:
कडबोळ्यासाठी वळलेली पिठाची वळी असावी तसं काही.
मी ह्या पोटाला रोज तेल लावते.

पडद्यावर गोलात गोल, कांद्याच्या चकतीसारखा.
तिनं आपल्या कार्डिगनची बाही
कोपराजवळ धरून आतल्या आत सरकवली.
आतडंच आतड्यात शिरलंय, म्हणाली,
घट्ट बसलं की रक्त पोचत नाही.
गेल्या आठवड्यात सर्दी? हो, झाली होती.
कधी कधी तेवढंच पुरतं. तुमचं काही चुकलेलं नाही.
(शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं.
दुसऱ्यांदा मी हिंगाबद्दल सांगितल्यावर.)

तेवढ्यात लंगोट बदलायला घेतला.
लाल, चिकट, थरथरणारं.
मोइराबाईंनी सप्टेंबरात दिलेली बेदाणीची लाल जेली
माझ्या फ्रिजात अर्धी उरली होती.
अजून आहे.

ऑपरेशन लागलं तर लागेल, आधी हवा.
फक्त हवा, खालून नळीनं, मोजूनमापून.
त्या अंधाऱ्या खोलीत शिशाचा जड कोट घालून
मी त्याचे हात डोक्याशी धरून उभी,
तो ओरडत होता आणि मला त्याचं ओरडणं हवं होतं.
पडद्यावर सावली मागे सरली.
अडली.
पुन्हा सरली.
अडली, इतकी की कुणीतरी श्वास सोडला
आणि तो माझाच होता,
मग हवा एकदम पलीकडे पसरली,
आणि केर्स्टी यंत्राला म्हणाली, शाब्बास गं बाई.
निदान मला तसंच ऐकू आलं.

आमच्या भाषेत माया आतड्यात राहते.
आतडं तुटतं म्हणतो आपण, आतड्याचं माणूस म्हणतो.
कधी विचार केला नव्हता
की ते हातभर लांब, ओलं, गुलाबी असतं
आणि बाहीसारखं उलटं होऊ शकतं.

शुक्रवारी मकरंद आला, खारट वास घेऊन.
निमिष त्याच्या नाकाला चावला.
दहातल्या एखाद्याचं पुन्हा होतं, असं कागदावर लिहिलंय,
कागद फ्रिजवर.
धुणं वाळत घालताना मी प्रत्येक बाही
हात घालून शेवटपर्यंत सुलट करते.
घरात फार वेळ शांत वाटलं
की उठून बघून येते.